ग्लायकोफोरिन ए चं लायसेट: वेस्टर्न ब्लॉटमध्ये पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

नवीन अँटीबॉडी (एका ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) हाती आली की पहिला प्रश्न एकच असतो: ही खरंच आपलं प्रथिन ओळखते का? तांबड्या पेशींवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न जास्त छळतो. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. त्यामुळे तिच्यात बाहेरून जनुक घालून प्रथिन वाढवता येत नाही आणि जनुक बंद करून ते नाहीसंही करता येत नाही. मग ते जनुक दुसऱ्या पेशीत, बहुतेक वेळा एचईके २९३टी या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशीत, घालतात. तिथे प्रथिन भरपूर तयार होऊ देतात, दोनेक दिवसांनी पेशी फोडतात आणि मिळालेला द्राव पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे प्रथिन नक्की असलेला तुलनेचा नमुना, म्हणून वापरतात. हे ओव्हरएक्स्प्रेशन लायसेट. ते विकतही मिळतं आणि लॅबमध्येही करता येतं.

मोठा बँड (प्रथिनाच्या जागी उमटणारा पट्टा) दिसला की 'प्रयोग जमला' असं वाटतं, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. या लायसेटमधून एवढंच कळतं की तुमची अँटीबॉडी ते प्रथिन पाहू शकते आणि त्या दिवशीचा तुमचा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधणं, नीट चालला. तुमच्या नमुन्यात ते प्रथिन आहे की नाही, यावर ते काहीच बोलत नाही. आणि सोबत रिकाम्या प्लाझ्मिडचं (जनुक पेशीत नेणारं डीएनएचं वर्तुळ, पण आत ते जनुक नसलेलं) लायसेट चालवलं नाही, तर तेवढंसुद्धा कळत नाही.

उदाहरणासाठी ग्लायकोफोरिन ए घेऊ. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचं हे सर्वांत विपुल प्रथिनांपैकी एक आहे आणि नवख्यांना गोंधळात टाकणारी जवळपास प्रत्येक गोष्ट त्यात आहे.

आधी प्रथिन समजून घ्या

एका तांबड्या पेशीवर ग्लायकोफोरिन ए च्या सुमारे दहा लाख प्रती असतात. लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनी १९२७ साली शोधलेले एम आणि एन हे रक्तगट याच प्रथिनावर बसतात. दोन्हींत फरक फक्त पहिल्या आणि पाचव्या अमिनो आम्लाचा: एम मध्ये सेरीन आणि ग्लायसीन, एन मध्ये ल्युसीन आणि ग्लुटामिक आम्ल. मलेरियाचा फाल्सिपेरम परजीवी पेशीत शिरताना ज्या रेणूंना धरतो त्यांतला हा एक आहे. फ्लो सायटोमेट्रीवाले (अँटीबॉडी लावून एकेक पेशी तपासणारे) याला सीडी२३५ए म्हणतात, जनुकाचं नाव जीवायपीए. अँटीबॉडी शोधताना ही तिन्ही नावं टाकून पाहा.

परिपक्व साखळी १३१ अमिनो आम्लांची आहे. नुसत्या साखळीचं वजन जेमतेम १४ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) भरतं. पण जेलवर तुम्हाला बँड दिसेल तो ३६ ते ४० किलोडाल्टनच्या आसपास, आणि शिवाय दुसरा ७० ते ८० च्या पट्ट्यात. बिघाड झालाय असं समजून इथेच अनेक जण ब्लॉट टाकून देतात. तसं काही नसतं. पेशीबाहेरच्या टोकावर पंधराच्या आसपास ओ-जोडणीच्या आणि एक एन-जोडणीची शर्करा साखळी लटकलेली असते. रेणूच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा शर्करेचा. शर्करेवर एसडीएस (प्रथिन उलगडून त्याला जेलमधून धावायला लावणारं डिटर्जंट) बसत नाही, म्हणून असं प्रथिन मार्करच्या, म्हणजे ओळखीच्या वजनांच्या प्रथिनांच्या, हिशोबाने धावत नाही. वरचा बँड जोडरेणूचा. पटलातून जाणाऱ्या भागात ग्लायसीनची ठरावीक मांडणी आहे, तिच्यामुळे दोन रेणू एकमेकांना इतके घट्ट बिलगतात की एसडीएसमध्येही सगळे सुटत नाहीत. या परिपक्व साखळीत एकही सिस्टीन नाही. त्यामुळे डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही डायसल्फाइड बंध तोडणारी रसायनं वाढवून ही जोडी फुटेल अशी आशा धरू नका, कारण फोडायला डायसल्फाइड बंधच नाही.

आता अँटीबॉडीकडे. ग्लायकोफोरिन बी नावाचं भावंड याच पेशीवर असतं आणि त्याची पहिली २६ अमिनो आम्लं ग्लायकोफोरिन ए च्या एन प्रकाराशी जुळतात. बाहेरच्या टोकावर बेतलेली अँटीबॉडी दोघांनाही धरू शकते. शिवाय त्या टोकावर शर्करा दाटीवाटीने बसलेली असते. एचईके पेशी शर्करा हुबेहूब तांबड्या पेशीसारखी चढवतीलच असं नाही, त्यामुळे शर्करेवर अवलंबून असलेली अँटीबॉडी लायसेटमध्ये फिकी पडू शकते. वेस्टर्न ब्लॉटसाठी माझी पसंती पेशीच्या आतल्या, म्हणजे सी-टोकाच्या भागावर बेतलेल्या अँटीबॉडीला आहे. तिथे शर्करा नाही, आणि ग्लायकोफोरिन बी ची आतली शेपटी अगदी आखूड असल्याने गोंधळही कमी. मात्र अगदी शेवटच्या काही अमिनो आम्लांवरच ती बेतली असेल आणि तुमच्या लायसेटमधल्या प्रथिनाला नेमका त्याच टोकाला टॅग (ओळखीसाठी जोडलेला छोटा तुकडा) जोडला असेल, तर टॅगमुळे ती जागा झाकली जाऊ शकते. दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवून वाचा. फ्लो सायटोमेट्रीत उत्तम चालणारी अँटीबॉडी ब्लॉटवर चालेलच असं गृहीत धरू नका. तिथे प्रथिन मूळ घडीत असतं, इथे उलगडलेलं.

व्हायल आल्यावर

कोरड्या बर्फात येणारं पार्सल शुक्रवारी निघणार नाही याची काळजी ऑर्डर देतानाच घ्या. आठवड्याच्या सुरुवातीला पोचेल असं सांगा. उघडल्यावर बर्फ शिल्लक आहे का ते पाहा आणि वहीत लिहा. काही लायसेट सुकवलेल्या भुकटीच्या रूपात येतात, ती साध्या तापमानालाही पाठवली जातात.

मग लेबल आणि माहितीपत्रक नीट वाचा. पाहायचं ते हे: संहती किती, कोणत्या पेशीत तयार केलं, टॅग कोणता आणि कोणत्या टोकाला, सोबत रिकाम्या प्लाझ्मिडचं लायसेट आहे का, आणि द्राव नुसत्या लायसिस बफरमध्ये आहे की त्यात सॅम्पल बफर (जेलवर भरण्याआधी मिसळायचा, एसडीएस असलेला बफर) आधीच मिसळलेला आहे. ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते. सॅम्पल बफर मिसळलेला असेल तर बीसीए पद्धतीने प्रथिन मोजू नका, डीटीटी आणि मर्कॅप्टोइथेनॉल त्या रसायनात ढवळाढवळ करतात. ब्रॅडफर्ड या मोजण्याच्या दुसऱ्या पद्धतीला जास्त एसडीएस चालत नाही. अशा वेळी लेबलवरची संहतीच धरा.

भुकटी असेल तर झाकण उघडण्याआधी व्हायल काही सेकंद फिरवून घ्या, म्हणजे सगळा माल तळाशी बसेल. सांगितलेला बफर सांगितलेल्या मापाने घाला आणि बर्फावर हळूहळू विरघळू द्या. द्राव असेल तर बर्फावरच वितळवा. दोन्ही बाबतींत त्याच दिवशी एका प्रयोगाला पुरतील एवढे छोटे भाग करून उणे ८० अंशांत ठेवा. सारखं गोठवणं-वितळवणं झालं की प्रथिन तुटतं आणि खाली अनोळखी बँड दिसू लागतात. प्रत्येक नळीवर नाव, तारीख, लॉट क्रमांक. रिकाम्या प्लाझ्मिडच्या नळ्यांना वेगळ्या रंगाची झाकणं लावा; दोन्ही द्राव दिसायला सारखेच असतात.

स्वतः तयार करायचं असेल तर

पैसे वाचतात आणि पेशी हाताळायची सवय होते, म्हणून जमेल त्याने एकदा तरी करावं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, पेशीभांडारातून संशोधन संस्थांना पेशी मिळतात.

१० सेंटिमीटरच्या डिशमध्ये एचईके २९३टी पेशी ७० ते ८० टक्के भरल्या की ट्रान्सफेक्शन करा, म्हणजे प्लाझ्मिड पेशींत घाला. प्लाझ्मिड साधारण १० मायक्रोग्रॅम; पीईआय (प्लाझ्मिड पेशीत नेणारं रसायन) वापरत असाल तर वजनाने त्याच्या तिप्पट इथपासून सुरुवात करून आपल्या हाताला जमेल ते प्रमाण ठरवा. या पेशींत एसव्ही४० विषाणूचा लार्ज टी अँटिजेन असतो, म्हणून एसव्ही४० चं ओरिजिन (डीएनएच्या प्रती बनायला सुरुवात होते ती जागा) असलेलं प्लाझ्मिड त्यांच्यात आपल्या प्रती वाढवतं आणि प्रथिन भरपूर मिळतं. शेजारच्या डिशमध्ये तेच प्लाझ्मिड, पण आत जीवायपीए नसलेलं, तितकंच घाला. काहीच न घातलेली डिश त्याच्या जागी चालत नाही, कारण ट्रान्सफेक्शनचा स्वतःचाही पेशींवर ताण येतो.

४८ तासांनी थंड पीबीएसने (मिठाच्या बफरने) धुवा. या पेशी तळाला सैल चिकटलेल्या असतात, पीबीएस डिशच्या कडेवरून हळू सोडा. मग प्रोटीएज इनहिबिटर (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणारं रसायन) घातलेला, पेशी फोडणारा थंड रिपा बफर अर्धा ते एक मिलिलिटर, बर्फावर अर्धा तास, खरवडून नळीत, आणि ४ अंशांवर १४,००० जी ला १५ मिनिटं. वरचा द्राव म्हणजे लायसेट. इनहिबिटर ऐन वेळी घाला. बाटलीत आधीपासून मिसळून ठेवलेल्याचा जोर उतरलेला असतो. द्राव तारेसारखा चिकट ओढला जात असेल तर त्यात डीएनए सुटलं आहे. बारीक सुईतून काही वेळा ओढा किंवा थोडं सोनिकेशन (ध्वनिलहरींचा मारा) द्या. नंतर बीसीएने मोजून भाग करा.

जेलची आखणी

कागदावर लेन आखल्याशिवाय पिपेट हातात घेऊ नका. ग्लायकोफोरिन ए साठी १२ टक्के जेल बरं पडतं. पहिल्या ब्लॉटला मी अशी मांडणी सुचवेन: मार्कर, रिकाम्या प्लाझ्मिडचं लायसेट १० मायक्रोग्रॅम, ग्लायकोफोरिन ए लायसेट १० मायक्रोग्रॅम, तेच १ मायक्रोग्रॅम, मग एक मोकळी लेन, मग के५६२ पेशींचं लायसेट ३० मायक्रोग्रॅम, जरकॅट पेशींचं तितकंच, आणि शेवटी तांबड्या पेशींचं पटल ५ मायक्रोग्रॅम.

मोकळी लेन वाया गेली असं समजू नका. ओव्हरएक्स्प्रेशनच्या लेनमधून थेंबभर जरी शेजारी सांडलं, तरी तुमच्या नमुन्यात खोटा बँड उमटतो. ते दोन पातळ्यांवर भरण्यालाही कारण आहे: १० मायक्रोग्रॅमला सिग्नल इतका जोरदार येऊ शकतो की एचआरपी (दुसऱ्या अँटीबॉडीला जोडलेलं, सिग्नल देणारं एन्झाइम) जवळचा सगळा सब्स्ट्रेट संपवतं आणि बँडच्या मधोमध पांढरा डाग पडतो. १ मायक्रोग्रॅमची लेन तेव्हा उपयोगी पडते.

के५६२ ही ल्युकेमियाच्या रुग्णापासून आलेली पेशीरेषा ग्लायकोफोरिन ए स्वतःहून बनवते. जरकॅट ही टी-पेशींची रेषा ते बनवत नाही. लायसेटमधली पातळी नैसर्गिक नसते आणि अशा पुरात सुमार अँटीबॉडीही हुशार वाटते. तिची खरी परीक्षा के५६२ आणि जरकॅट यांच्यातल्या फरकात होते. अँटीबॉडी पारखण्यासाठी एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१६ साली पाच मार्ग सुचवले. टॅग लावलेलं प्रथिन व्यक्त करणं हा त्यांतला फक्त एक.

तांबड्या पेशींच्या लेनमध्ये अख्ख्या पेशी फोडून भरू नका. त्यांच्या आतल्या प्रथिनात हिमोग्लोबिनच बहुतांश असतं. २० मायक्रोग्रॅम भरलंत तर जवळजवळ तेवढं हिमोग्लोबिनच भराल. पेशी धुऊन त्या थंड, पातळ फॉस्फेट बफरमध्ये फोडा, ४ अंशांवर २०,००० जी ला फिरवा आणि वरचा लाल द्राव काढत पटल फिकट होईपर्यंत धूत राहा. धुताना प्रोटीएज इनहिबिटर हवाच, पांढऱ्या पेशी आधी वेगळ्या काढलेल्या बऱ्या. मानवी रक्त हाताळताना हातमोजे, हिपॅटायटिस बी ची लस आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी, यांत सवलत नाही.

आता माप. लायसेट १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर १० मायक्रोग्रॅमसाठी १० मायक्रोलिटर, त्यात चौपट सॅम्पल बफर ५ मायक्रोलिटर आणि पाणी ५ मायक्रोलिटर, एकूण २०. सगळ्या लेनमध्ये आकारमान सारखं ठेवा, नाहीतर बँड कडेला वाकतात.

पहिल्या खेपेला प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा: एक ९५ अंशांवर ५ मिनिटं, दुसरा ३७ अंशांवर अर्धा तास. तापवल्यावर जोडरेणूंपैकी काही सुटतात, त्यामुळे वरच्या आणि खालच्या बँडचं प्रमाण बदलतं. ते बदललं तर वरचा बँड ग्लायकोफोरिन ए चाच असल्याचा भक्कम इशारा मिळतो. 'बँड थ्री' या नावाच्या तांबड्या पेशीतल्या प्रथिनासारखं पटलातून अनेकदा ये-जा करणारं प्रथिन पाहत असाल तर मात्र उकळणं टाळाच, अशी प्रथिनं गुठळी होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतात.

ब्लॉट

इथे नेहमीचीच पद्धत आहे. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन मिथेनॉलमध्ये भिजवून घ्या, १०० व्होल्टला तासभर थंडीत ट्रान्सफर, मग पॉन्सो एस या प्रथिनं रंगवणाऱ्या रंगाने सगळ्या लेन उतरल्या का ते पाहा. पॉन्सो किंवा कूमासीत ग्लायकोफोरिन ए चा स्वतःचा बँड शोधू नका. शर्करेने लादलेली प्रथिनं हे रंग फार कमी घेतात. जुन्या अभ्यासकांनी ती शर्करा रंगवणाऱ्या पीएएस रंगाने पाहिली, म्हणून जुन्या लेखांत 'पीएएस-१' आणि 'पीएएस-२' अशी नावं भेटतात. पहिला ग्लायकोफोरिन ए चा जोडरेणू, दुसरा एकेरी.

५ टक्के दुधाच्या भुकटीत तासभर ब्लॉकिंग, पहिली अँटीबॉडी माहितीपत्रकात सांगितलेल्या प्रमाणात रात्रभर ४ अंशांवर, टीबीएसटी बफरने तीन धुण्या, एचआरपी जोडलेली, पहिल्या अँटीबॉडीला धरणारी दुसरी अँटीबॉडी तासभर, पुन्हा धुण्या, ईसीएल (एचआरपीच्या साहाय्याने प्रकाश देणारा सब्स्ट्रेट). दुसऱ्या अँटीबॉडीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड असता कामा नये, ते एचआरपीला मारतं. आधी काही सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, मग वाढवत जा.

लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये माल सारखा भरला का हे दाखवणारं प्रथिन, निवडताना एक सापळा आहे. लॅबमध्ये सगळे जीएपीडीएच वापरतात म्हणून तुम्हीही वापराल, आणि त्याचा बँड ३७ किलोडाल्टनच्या आसपास, बरोबर एकेरी ग्लायकोफोरिन ए च्या अंगावर येईल. के५६२ आणि एचईके साठी अल्फा ट्युब्युलिन घ्या, ते ५० च्या वर येतं. तांबड्या पेशींच्या पटलात ट्युब्युलिनवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे बीटा ॲक्टिन चालतं, पण ते ४२ ला असल्याने वेगळ्या मेम्ब्रेनवर पाहा.

बँड वाचताना

लायसेटच्या लेनमध्ये बँड, रिकाम्या प्लाझ्मिडच्या लेनमध्ये काही नाही, आणि टॅगची अँटीबॉडीही त्याच जागी बँड दाखवते. असं दिसलं तर अँटीबॉडी आणि ब्लॉट दोन्ही ठीक. टॅगची अँटीबॉडी दुसऱ्या मेम्ब्रेनवर वापरा आणि हे पाऊल गाळू नका, कारण ती तुमच्या अँटीबॉडीहून स्वतंत्र साक्ष देते.

दोन्ही लेनमध्ये एकाच जागी बँड आला तर अँटीबॉडी एचईके पेशीतलं दुसरंच काही धरते आहे. तुमच्या नमुन्यात त्या जागी आलेला बँड मोजू नका.

टॅग दिसतो पण ग्लायकोफोरिन ए ची अँटीबॉडी गप्प, म्हणजे प्रथिन आहे पण तिला ते ओळखता येत नाही. तिची जागा टॅगने झाकली असेल, शर्करा वेगळी असेल, नाहीतर ती ब्लॉटसाठी नसेलच. आधी प्रमाण वाढवून पाहा, मग अँटीबॉडी बदला. काहीच दिसलं नाही तर नमुन्याला दोष देण्याआधी ट्रान्सफर, ईसीएल आणि लायसेटचा तो भाग तपासा.

लायसेटमधले बँड तांबड्या पेशींच्या बँडशी रेषेत जुळत नाहीत, याने घाबरू नका. टॅगमुळे दोन-तीन किलोडाल्टन वाढतात. शिवाय पेशीवर प्रथिनाचा एवढा भार टाकला की शर्करा पुरती न चढलेले रेणूही साठतात, आणि एका नेटक्या बँडऐवजी पसरट पट्टा किंवा खाली एक-दोन जादा बँड दिसतात. ते शर्करेमुळेच आहे का हे पाहायचं असेल तर लायसेटवर पीएनगेज एफ चालवा. एन-जोडणीची साखळी निघाली की बँड थोडा खाली सरकतो. ओ-जोडणीच्या साखळ्यांसाठी आधी सायलिडेज आणि मग ओ-ग्लायकोसिडेज लागतं. सायलिडेजनंतर बाहेरच्या टोकाच्या अनेक अँटीबॉडींना ग्लायकोफोरिन ए ओळखता येत नाही, तेव्हा हा प्रयोग आतल्या टोकाच्या अँटीबॉडीनेच करा. तांबड्या पेशींच्या लेनमध्ये बाहेरच्या टोकाची अँटीबॉडी वापरली असेल तर ए-ए, ए-बी अशा मिश्र जोड्या आणि २० ते २५ च्या आसपास एकेरी ग्लायकोफोरिन बी असे जादा बँड दिसणं स्वाभाविक आहे.

कशासाठी वापरू नये

हे लायसेट संशोधनापुरतं आहे, निदानासाठी नाही. त्यावरून कुणाचा एम-एन रक्तगट ठरवता येणार नाही. सॅम्पल बफर मिसळलेलं लायसेट इम्युनोप्रेसिपिटेशनला (अँटीबॉडीने द्रावातून प्रथिन ओढून काढण्याला) किंवा मलेरियाच्या परजीवीशी बंध तपासायला निरुपयोगी आहे, कारण प्रथिनाची मूळ घडी त्यात शिल्लक नसते.

प्रत्येक रक्तगटाला असं लायसेट असेल असंही नाही. ए, बी आणि एच हे अँटिजेन शर्करा आहेत, प्रथिनं नव्हेत. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या 'बॉम्बे' रक्तगटात तांबड्या पेशींवर एच अँटिजेनच नसतो. त्याचं जनुक एफयूटी१ शर्करा जोडणारं एन्झाइम बनवतं. त्याच्या लायसेटवर ब्लॉट केलात तर ते एन्झाइम दिसेल, एच अँटिजेन नाही. तेव्हा लायसेट मागवण्याआधी आपला अँटिजेन प्रथिन आहे की शर्करा, हे पाहून घ्या.

वहीत शेवटी लिहायचं ते: लायसेटचा आणि अँटीबॉडीचा लॉट क्रमांक, प्रत्येक लेनमधले मायक्रोग्रॅम, किती अंशांवर किती वेळ तापवलं, एक्स्पोजरचे सेकंद, आणि न कापलेल्या पूर्ण ब्लॉटचं चित्र. लॉट बदलला की रिकाम्या प्लाझ्मिडसकट पहिला ब्लॉट पुन्हा करा.